लक्ष्य हरवलेले पान

एका राज्यात मंत्र तोंडाने म्हणत नसत, पानांनी टाकत. गोल, लाखेने रंगवलेली, तळहातावर मावतील एवढी ती पाने असत. मांत्रिक पान उचली, लक्ष्याकडे बोट दाखवी, काय व्हावे ते बोले, त्या मंत्राची किंमत देई आणि पान हवेत सोडी. पान लगेच पडत नसे. लहान मंत्राचे पान चार श्वासांत उतरे, मोठ्या मंत्राचे पान ऋतूभर हवेत फिरे. हवेत गेलेले पान कोणाला फाडता येत नसे, जाळता येत नसे, परत बोलावता येत नसे. ज्याने टाकले त्यालाही नाही.

त्या राज्याचा राजा रिपुंजय. त्याने डोंगरातले पाणी नगरात आणले होते, शत्रूला शिवेवरून मागे लोटले होते, आणि या सगळ्याचा त्याला विसर पडत नसे. झोपेतून उठल्यावर तो तोंड धुण्याआधी मुकुट घाली, असे दासी आपसात बोलत. त्याला एकच मुलगी, सुवर्चला. आई तिला आठवत नव्हती. बापाच्या मांडीवर बसून तिने दरबार पाहिला होता, आणि बापासारखीच ती मान ताठ ठेवून चालत असे.

धूम्राक्ष हा राजमांत्रिक. एके दिवशी भर दरबारात तो उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, शत्रू माझ्या पानांमुळे हटला. माझे आसन तुमच्या सिंहासनाशेजारी मांडा."

राजा हसला. "मांत्रिकाची जागा पायरीवर. तिथे ऊनही छान येते."

दरबारही हसला. धूम्राक्ष हसला नाही. त्याने झोळीतून एक लाल पान काढले. एक बोट राजाकडे रोखले, दुसरे पायाखालच्या फरशीकडे.

"तुझे नाव माझ्या जिभेवर नको," तो म्हणाला. "हा राजा आणि ही त्याची राजधानी, दोन्ही दगड होवोत. दोन्हींतला प्राण माझ्या अंगात येवो. किंमत म्हणून माझी सारी सिद्धी मी या पानात घालतो."

पान उडाले. उडताना वाढत गेले, ढालीएवढे झाले आणि राजाच्या डोक्यावर उंच जाऊन भुंग्यासारखे गुणगुणत फिरू लागले. राजा उठला तर पान सरके. राजा निजला तर पान छत भेदून खाली दिसे. आणि रोज ते थोडे थोडे उतरत होते.

धूम्राक्ष नगराबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसला. त्याला पकडायला गेलेले सैनिक परत आले. "त्याला मारून पान थांबेल का?" असे त्यांनी विचारले, आणि प्रधानाने नकारार्थी मान हलवली. टाकणारा मेला तरी टाकलेले पान पडतेच, एवढे सर्वांना ठाऊक होते.

सुवर्चलेने सारथी देवकाला बोलावले. देवक उतारवयाचा, कमी बोलणारा माणूस होता. तिला घोड्यावर बसायला त्यानेच शिकवले होते.

"पानांचा कायदा कोणाला माहीत आहे?" तिने विचारले.

"उंबराच्या घाटात एक धनेश पक्षी राहतो. त्याला माहीत आहे म्हणतात."

"रथ जोडा."

उंबराच्या घाटात जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसली होती. ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले होते, फक्त चोचीपुरती फट होती. धनेश त्या फटीतून तिला एकेक उंबर भरवत होता. सुवर्चलेने नमस्कार केला. धनेशाने उरलेली उंबरे भरवून होईपर्यंत तिला उभे ठेवले. मग मोठी पिवळी चोच तिच्याकडे वळवली.

"टेकडीवरच्या माणसाचे पान?"

"होय. ते कसे मोडायचे?"

"पान मोडत नाही. पान पडते किंवा मरते. कसे मरते ते सांगून कळत नाही. त्याचे तीन शिष्य त्याच्याच सिद्धीच्या बळावर देशभर पाने टाकत हिंडतात. तीन पाने पडताना बघ. मग ये, आणि काय पाहिलेस ते मला सांग."

"वेळ थोडा आहे."

"म्हणून तर बोलण्यात घालवत नाही," धनेश म्हणाला, आणि उंबरे आणायला उडून गेला.

थोरला शिष्य त्यांना एका खोल दरीच्या काठी भेटला. दरीवर वेताचा झुलता पूल होता, पलीकडे गवळ्यांचे गाव. गवळ्यांनी त्याला लोणी दिले नव्हते, म्हणून तो रागावला होता. त्याने आपल्या डोक्यावरचे दाट केस कापून किंमत दिली, पुलाकडे बोट दाखवले आणि पान सोडले. "हा पूल अजगर होवो. या गावाची गुरे गिळो. गिळलेल्याचे बळ माझ्या दंडांत येवो."

गवळी ओरडत गुरे आत हाकू लागले. सुवर्चलेने वर पाहिले. पान हिरवे होते, गरगरत खाली येत होते. तिने देवकाची कुऱ्हाड मागितली.

"राजकुमारी, पूल तोडला तर पुढे जायला आपल्याला लांबचा रस्ता," देवक म्हणाला.

"अजगराच्या पाठीवरून जायचे आहे का?"

त्याने स्वतःच कुऱ्हाड चालवली. अलीकडचे दोर तुटले, गवळ्यांनी पलीकडचे तोडले, आणि पूल दरीत कोसळून नदीत काड्या काड्या झाला. पान खाली आले. जिथे पूल होता तिथे रिकाम्या हवेत त्याने घिरट्या घातल्या, जणू हरवलेले काही शोधत होते. मग ते जागच्या जागी राख झाले. अजगर झाला नाही. शिष्याने दंड चाचपले. बळ आले नव्हते. केसही परत आले नाहीत. तुळतुळीत डोक्याने तो जंगलात पळाला.

सुवर्चला रथात बसली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "कळले," ती म्हणाली. "लक्ष्य नाहीसे झाले की पान पुरते मरते. त्यातला कुठलाच भाग घडत नाही."

"अजून दोन पाने राहिली आहेत," देवक म्हणाला.

"बघूच."

मधला शिष्य त्यांना माळावर आडवा आला. थोरल्याची हकिगत त्याच्या कानावर गेली होती. तो एकही शब्द वाया न घालवता रस्त्यात उभा राहिला. त्याने करंगळी कापून किंमत दिली, आणि दोन बोटे रोखली. "हा रथ आणि हा देवक, दोन्ही झाडे होवोत."

पान वर गेले. सुवर्चला घाबरली नाही. "रथ मोडा," ती म्हणाली. "रथ राहिला नाही की पान मरेल."

देवकाने तिच्याकडे पाहिले.  त्याने घोडे सोडले, आख तोडला, चाके दगडावर आपटून फोडली. बघता बघता रथाचे सरपण झाले. पान उतरले. सरपणावर फिरले, थबकले. सुवर्चलेने श्वास सोडला.

मग पान वळले आणि देवकाच्या खांद्यावर अलगद बसले.

"घोड्यांना पाणी दाखवा," देवक म्हणाला. पुढचे शब्द पानांची सळसळ झाले. माळावर एक पळस उभा होता, त्याची साल देवकाच्या हातांसारखी राठ होती. मधला शिष्य हसला आणि चालू लागला. तिने त्याचा पाठलाग केला नाही.

ती त्या झाडापाशी ऊन उतरेपर्यंत बसून राहिली. "मला अर्धेच कळले होते," ती झाडाला म्हणाली. "आणि अर्ध्यावर मी तुमचा जीव पणाला लावला."  मग ती उठली, दोन्ही घोड्यांना ओढ्यावर नेऊन पाणी दाखवले, एकावर बसली, दुसरा मागे बांधला, आणि निघाली. दोन लक्ष्यांपैकी एक गेले तर पान उरलेल्यावर पडते, हे तिला आता कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

धाकटा शिष्य नदीकाठच्या एका गावात होता. तिथे एक गवई राहत होता, त्याचे नाव सोमदत्त. त्याच्या गळ्याची कीर्ती शिष्याला खुपली होती. सुवर्चला पोहोचली तेव्हा पान आधीच हवेत होते, आणि गावकरी गवयाच्या अंगणात जमले होते.

"काय बोलला तो?" तिने विचारले.

"म्हणाला, हा गवई मुका बगळा होवो," गवयाची बायको म्हणाली. "काय करावे, बाई?"

सुवर्चला गवयासमोर बसली. "त्याने तुम्हाला गवई म्हटले आहे. तुम्ही गवई राहिला नाहीत, तर पानाला लक्ष्य सापडणार नाही."

सोमदत्त शहाणा माणूस होता. त्याने तंबोरा नदीत सोडला. सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाला, "आजपासून मी गवई नाही. गाणे सोडले." आणि ओठ घट्ट मिटून बसला.

पान उतरत होते. नदीवर वारा सुटला, काठच्या वेळूंतून एक लांब स्वर आला. सोमदत्ताचे ओठ मिटलेले होते. पण त्याच्या उजव्या हाताची बोटे मांडीवर हलत होती, वाऱ्याला ताल देत होती. सुवर्चलेने ती पाहिली आणि डोळे मिटून घेतले. तिने डोळे उघडले तेव्हा अंगणात एक पांढरा बगळा एका पायावर उभा होता, आणि बायको त्याच्यासमोर मटकन बसली होती.

सुवर्चला तिच्याजवळ गेली. "मी परत येईन," ती म्हणाली. "तोवर त्याला कोणी दगड मारणार नाही एवढे पाहा."

उंबराच्या घाटात धनेश मादीला भरवत होता. ढोलीतून आता पिलांचे आवाज येत होते. सुवर्चलेने पाहिले ते तीन वाक्यांत सांगितले.

"लक्ष्य नाहीसे झाले तर पान पुरते मरते. दोन लक्ष्यांतले एक जरी उरले तरी पान त्याच्यावर पडते. आणि 'मी तो नाही' असे नुसते म्हणून माणूस लक्ष्य असायचा थांबत नाही."

"बोट केले नाही अशा दुसऱ्यावर वळते का पान?"

तिने विचार केला. "नाही. ज्याच्याकडे बोट केले त्यालाच शोधते. तो सापडला की बघते, तो अजून तसाच आहे का."

"धूम्राक्षाने बोट कोणाकडे केले?"

"राजाकडे, आणि त्याच्या राजधानीकडे. नाव घेतले नाही. राजा म्हणाला."

"रागाने माणूस आखूड बोलतो," धनेश म्हणाला. "मग आता काय करशील?"

सुवर्चला म्हणाली, "राजा राजा राहिला नाही, तर नगर त्याची राजधानी राहणार नाही. एकाच गोष्टीने दोन्ही लक्ष्ये जातील. पण खरोखर जायला हवीत. माझ्या वडिलांना मुकुट डोक्यावरून नव्हे, डोक्यातून काढावा लागेल."

"तीन पाने पाहणे सोपे होते," धनेश म्हणाला. "जा."

ती नगरात पोहोचली तेव्हा लाल पान राजाच्या डोक्यावर हातभर अंतरावर आले होते. नगर रिकामे झाले होते. ज्यांना पाय होते ते डोंगरांकडे गेले होते, म्हातारे आणि आजारी मागे राहिले होते. राजा सिंहासनावर बसून होता. प्रधान पायरीशी उभा होता.

सुवर्चलेने सारे सांगितले. देवकाचेही सांगितले.

राजाने शांतपणे ऐकले. "त्यापेक्षा मी मरतो," तो म्हणाला. "मेलेला राजा लक्ष्य राहत नाही. तलवार आणा."

"तात, मेलेला राजाही राजाच असतो. दुसऱ्याला अभिषेक होईपर्यंत नगर त्याचेच म्हणवते. पान तुमच्या चितेवरून वळेल आणि घरांवर पडेल. मी ते वळताना पाहिले आहे."

राजाने मुकुट काढून प्रधानाच्या हाती दिला. रेशमी वस्त्रे उतरवली, घोड्याच्या मोतद्दाराचे धोतर नेसला. "सोडले राज्य," तो म्हणाला. "सुवर्चला राज्य करो." पान थांबले नाही. त्याने वर पाहिले, मग प्रधानाकडे वळून म्हणाला, "त्या खिडकीचा पडदा ओढा, ऊन लागते." प्रधान धावला.

"तात," सुवर्चला म्हणाली, "तुम्ही आत्ता हुकूम सोडलात."

तो ओशाळला. असा ओशाळलेला तिने त्याला कधी पाहिला नव्हता. "मला दुसरे काही येत नाही, पोरी," तो हळू म्हणाला. "मी कोण ते मला आठवतच नाही, या मुकुटाआधी."

तिला रडू येत होते, पण ती रडली नाही. "मग इथे बसू नका. या भिंती तुम्हाला राजा म्हणतात. बाहेर चालू लागा. मी मागून येते."

तो निघाला. भर दुपार होती. डोक्यावर लाल पान गुणगुणत होते, वाटेवर त्याची गोल सावली सरकत होती. रिकाम्या पेठेतून तो चालला. त्याने बांधलेल्या कारंज्यावरून गेला, त्याच्या नावाच्या वेशीखालून गेला, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची मान आपोआप ताठ होई आणि पान बोटभर खाली येई. मग तो कधी न गेलेल्या गल्लीत शिरला. तिथे वेशी नव्हत्या, कारंजी नव्हती. कुंभारांची घरे होती, आणि एक आड.

आडाशी एक म्हातारी उभी होती. तिचे नाव गिरजाक्का. तिला दिसत नव्हते, म्हणून ती पळाली नव्हती. भरलेला हंडा तिने काठावर ओढून घेतला होता आणि आता तो उचलता येत नव्हता.

पावलांचा आवाज ऐकून ती म्हणाली, "कोण आहे रे? जरा हात लाव."

राजा थबकला. सुवर्चला दूर कोपऱ्यावर उभी राहिली. राजा पुढे गेला, वाकला, हंडा उचलून खांद्यावर घेतला. पाणी त्याच्या मानेवरून पाठीवर ओघळले. त्याचा तोल गेला, पाय सावरला.

"सांडतोस की," म्हातारी म्हणाली. "कधी हंडा उचलला नाहीस का जन्मात?"

"नाही."

"दोन्ही हातांनी धर. अस्सा. कुणाचा तू? आवाज ओळखीचा नाही."

पान आता त्याच्या केसांना टेकत होते.  राजाचे सगळे लक्ष हंड्यात होते. पाणी सांडू नये म्हणून तो एकेक पाऊल जपून टाकत होता, जीभ दातांत धरून, लहान पोर चालावे तसा.

"कुणाचा नाही, आक्का," तो म्हणाला. "हंडा कुठे ठेवू?"

पान थबकले. त्याने डोक्याभोवती एक फेरा घेतला, मग दुसरा. घरांच्या छपरांवरून, पेठेवरून, वेशीवरून ते वेगाने फिरून आले. राजा सापडेना, राजाची राजधानी सापडेना. एक आंधळी म्हातारी होती आणि तिचा हंडा वाहणारा एक भिजलेला माणूस होता. पानाची गुणगुण बंद पडली. ते राख झाले, आणि राख हंड्यात पडली.

त्याने हंडा तिच्या ओट्यावर ठेवला. म्हातारीने पाण्यात बोट घालून पाहिले. "राख पडली. कुठून आली ही? आता पुन्हा भरायला हवे."

"भरतो," तो म्हणाला, आणि आडाकडे वळला. वर पाहायचे त्याला सुचलेच नाही.

टेकडीवर धूम्राक्ष हात पसरून बसला होता. दोन्हींचा प्राण अंगात येईल म्हणून वाट पाहत होता. काहीच आले नाही, आणि पानात घातलेली सिद्धी पानासोबत गेली. त्याच क्षणी त्याच्या शिष्यांनी टाकलेल्या साऱ्या पानांचा मंत्र उतरला, कारण तो गुरूच्याच सिद्धीवर तगून होता. नदीकाठच्या अंगणात बगळ्याने मान वर केली आणि गवई होऊन बायकोला हाक मारली. माळावर पळस डोलला, आणि देवक जांभई देत उभा राहिला. घोडे कुठे दिसेनात, म्हणून तो पायी नगराकडे चालू लागला.

सैनिकांनी धूम्राक्षाला सुवर्चलेसमोर आणले. पोकळ डोळ्यांचा एक म्हातारा होता तो.

"शिक्षा सांगा," तो म्हणाला.

"शिक्षा काय देऊ? तुमच्याजवळ होते ते सारे तुम्हीच पानात घालून टाकले," सुवर्चला म्हणाली. "वडील तुम्हाला हसले, ते चुकले. ती चूक तुम्ही हजारो घरांवर टाकायला निघालात. राज्याबाहेर जा. वाटेत कोणी तुम्हाला हसणार नाही, तसा निरोप मी पुढे पाठवला आहे."

धूम्राक्ष निघाला. जाताना दोनदा मागे वळला.

लोक डोंगरांवरून परतले. त्यांनी रिपुंजयाला शोधून काढले आणि सिंहासनाकडे चला म्हणून हात जोडले. तो कुंभारगल्लीत चिखल तुडवत होता. "राजा मिळाला आहे तुम्हाला," तो म्हणाला. "ती माझ्याहून शहाणी आहे. तिच्याकडे जा." त्याला पुन्हा विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

सुवर्चलेला अभिषेक झाला. देवक तिच्या उजव्या हाताला उभा होता. पहिल्या दरबारी लोकांची रीघ लागली, तक्रारी आल्या, नजराणे आले. सर्वांत शेवटी चिखलाने माखलेल्या पायांचा एक माणूस रांगेतून पुढे आला आणि त्याने खाली वाकून नमस्कार केला.

सुवर्चला सिंहासनावरून उठणार होती. त्याने डोळ्यांनीच तिला बसवले.

"महाराणी," रिपुंजय म्हणाला, "मी या नगरात नवा आहे. इथे राहायची परवानगी मागायला आलो."

 सुवर्चला सिंहासनावर सरळ बसली आणि तिने विचारले, 

"काम काय करता?"

"सध्या माती तुडवतो. चाकावर अजून हात बसला नाही."

"राहा," ती म्हणाली. "पण रात्रीचे जेवण राजवाड्यात. ही राणीची आज्ञा आहे."

"आज्ञा," रिपुंजय म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द त्याने दुसऱ्याचा म्हणून ऐकला. मग तो पाठ न दाखवता, उलट पावलांनी, इतर प्रजा जाते तसा दरबारातून बाहेर गेला. त्या राज्यात पाने पुढेही उडाली, पण सुवर्चला होती तोवर दुसऱ्याच्या अंगणावर पान टाकायचे धाडस कोणी केले नाही. सारे सुखाने नांदले.